पिंपातली जिवंत एल : लहान ब्रूअरीत ती बनते कशी, आणि ब्रूअरचे काम संपते कुठे?

नवशिका_७ (धागाकर्ता)

ब्रिटनमधल्या लहान ब्रूअऱ्यांत पारंपरिक एल, म्हणजे तिथली जुन्या वळणाची बीअर, कशी बनते, याविषयी बरेच दिवस वाचतो आहे. ढोबळ क्रम समजला आहे : मोड आणून वाळवलेली बार्ली, म्हणजे माल्ट, भरडायची, गरम पाण्यात मुरवायची, त्यातून निघालेला गोड काढा गाळून घ्यायचा, हॉप्स, म्हणजे एका वेलीची कडवट फुले, घालून उकळायचा, निववायचा आणि त्यात यीस्ट सोडायचे. परंतु एवढे सगळे कारखान्यातल्या लागर बीअरच्या बाबतीतही होतेच, मग या एलचे वेगळेपण कशात आहे?

दुसरी शंका अशी की, पिंप ब्रूअरीतून बाहेर पडते तेव्हा आतली एल पूर्ण झालेली नसते, असे सगळीकडे लिहिलेले आढळते. अपूर्ण माल उघडपणे विकणारा हा एकच धंदा मला ठाऊक आहे. तेव्हा ब्रूअरचे काम नेमके कुठे संपते आणि पबचे तळघर सांभाळणाऱ्याचे कुठे सुरू होते, हे अनुभवी सभासदांनी सांगावे.

शंकासुर

अपूर्ण माल विकणारा एकच धंदा? बांधकाम व्यावसायिकांना आपण विसरलात. विषय चांगला आहे, वाचतो आहे.

भरडधान्य

यॉर्कशायरमधल्या एका दहा बॅरलच्या ब्रूअरीत मी तीन वर्षे दर शनिवारी हातभार लावायला जात असे, त्यामुळे पहिल्या प्रश्नापुरते उत्तर देऊ शकतो. ब्रिटिश बॅरल म्हणजे ३६ गॅलन, सुमारे १६४ लिटर. एका खेपेला साधारण १,६४० लिटर एल होते आणि ती नऊ गॅलनच्या पिंपांत भरतात, ज्यांना फर्किन म्हणतात. हिशेबाने चाळीस फर्किन भरायला हवेत, परंतु गाळात आणि नळ्यांत काही ना काही जातेच, त्यामुळे चाळिसावे पिंप भरलेले मी एकदाही पाहिले नाही.

दिवस पहाटे सहाला सुरू होतो, पण खरे म्हणजे आदल्या रात्रीच, कारण पाणी रात्रभर तापत ठेवावे लागते. एलमध्ये जाणाऱ्या पाण्याला ब्रूअर ‘लिकर’ म्हणतात; ‘पाणी’ हा शब्द धुण्याच्या पाण्यासाठी राखून ठेवलेला असतो, आणि दिवसभर कानावर तोच जास्त पडतो. चार टक्के मद्यार्काच्या साध्या बिटरसाठी, म्हणजे कडवट एलसाठी, सुमारे अडीचशे किलो माल्ट लागते, म्हणजे पंचवीस किलोंची दहा पोती. आमच्याकडे त्यांतली नऊ मॅरिस ऑटर जातीच्या फिकट माल्टची असत आणि दहावे क्रिस्टल माल्टचे, ज्याने रंग आणि टॉफीसारखी चव येते. माल्टचे पीठ करायचे नसते. दाणा फुटला पाहिजे, पण साल शक्यतो अखंड राहिली पाहिजे, कारण पुढे तीच साल गाळणीचे काम करते.

ही भरड आणि ७२-७३ अंशांचे पाणी एकाच वेळी मॅश टनमध्ये, म्हणजे मुरवणीच्या भांड्यात, सोडतात आणि एक जण लांब दांड्याच्या वल्ह्याने गुठळ्या मोडत राहतो. सगळे मिळून ६६ अंशांवर स्थिरावले पाहिजे. एकदा मी तापमापी नुसती वरच्या थरात बुडवून ६६ वाचले आणि निर्धास्त झालो. आतला मॅश, म्हणजे पाण्यात मुरणारी भरड, ७० अंशांच्या वर होता. दीड तासाने काढा छान गोड निघाला आणि कोणाला संशयही आला नाही. पाचव्या दिवशी मात्र साखर उरली किती हे घनतेवरून दाखवणारा हायड्रोमीटर १.०१० ऐवजी १.०१८ वर अडून बसला आणि काही केल्या खाली उतरेना. त्या खेपेची एल दाट, गोडसर आणि बिनजोर झाली. मालकांनी मला एक शब्दही बोलून दाखवला नाही, फक्त पुढचे सहा शनिवार मॅश टन उपसण्याचे काम माझ्याकडे राहिले. वाफाळणारी, ओली, अडीचशे किलोंच्या दुप्पट भरणारी भरड फावड्याने बाहेर काढायची. ती शेजारचा शेतकरी गुरांसाठी घेऊन जात असे.

उरलेले नंतर लिहितो.

रसायनशाळा

भरडधान्य यांचा घोटाळा म्हणजे पाठ्यपुस्तकातले उदाहरण आहे. माल्टमधल्या स्टार्चची साखर करणारी दोन विकरे येथे महत्त्वाची आहेत. बीटा-अमायलेज साखळीच्या टोकापासून माल्टोज तोडत जाते आणि ही साखर यीस्टला पचते. परंतु ते ६० ते ६५ अंशांच्या आसपास जोमात असते आणि ७० अंशांना काही मिनिटांतच निकामी होते. अल्फा-अमायलेज साखळी मध्येच कुठेही तोडते, सत्तर अंशांनाही खुशाल काम करते, पण मागे डेक्स्ट्रिनचे असे मोठे तुकडे सोडते की जे यीस्टला फोडता येत नाहीत. त्यामुळे मद्यार्क कमी आणि अंग जड, अशी एल हाती येते. ६६ अंश ही या दोघांमधली तडजोड आहे. ब्रिटनच्या पारंपरिक पद्धतीत मॅश सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्याच एका तापमानाला ठेवतात, टप्प्याटप्प्याने तापवत नाहीत. भांडे साधे राहते; मात्र चूक सुधारायला जागा उरत नाही.

पाण्याविषयीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. इंग्लंडमधल्या बर्टन अपॉन ट्रेंट येथल्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, भरपूर असते. सल्फेटमुळे हॉप्सचा कडवटपणा कोरडा आणि धारदार लागतो, आणि बर्टनच्या फिकट एलची एकोणिसाव्या शतकातली कीर्ती बव्हंशी या पाण्यावर उभी होती. आज कोणतीही लहान ब्रूअरी नळाचे पाणी घेते, आम्ल घालून त्यातले बायकार्बोनेट उतरवते आणि जिप्सम मिसळते. या उपचाराला ‘बर्टनायझेशन’ असेच नाव आहे.

शंकासुर

नळाच्या पाण्यात आम्ल आणि जिप्सम घालून केलेल्या वस्तूला ‘पारंपरिक’ म्हणायचे असेल, तर तो शब्द फारच लवचिक आहे, असे म्हणावे लागेल. मुळात एलमध्ये हॉप्सच नव्हते. हॉप्स घातलेली बीअर इंग्लंडमध्ये पंधराव्या शतकात नेदरलँड्सच्या बाजूने आली आणि जुन्या एलवाल्यांनी तिच्या नावाने बोटे मोडली. कोणत्या वर्षाची परंपरा धरायची, हे आधी ठरवावे.

मोडी_लिपिक

शंकासुर यांचा आक्षेप रास्त आहे, आणि त्यात भरच घालतो. पोर्टर या गडद बीअरला काळा रंग देणारे भाजलेले माल्ट डॅनियल व्हीलर याने १८१७ मध्ये पेटंट घेतलेल्या भाजणीच्या यंत्रातून आले. आज पारंपरिकतेचे चिन्ह म्हणून मिरवणारा, पबमध्ये पिंपातली एल वर ओढणारा हातपंप जोसेफ ब्रामा याच्या १७९७ च्या पेटंटपर्यंत मागे जातो, म्हणजे तोही औद्योगिक क्रांतीचेच अपत्य. मॅरिस ऑटर ही बार्ली तर केंब्रिजमध्ये तयार होऊन १९६० च्या दशकात शेतात उतरली.

तथापि येथे ‘पारंपरिक’ या शब्दाला एक नेमका अर्थ आहे आणि तो अलीकडचा आहे. १९६० च्या दशकात ब्रिटनमधल्या बड्या ब्रूअऱ्यांनी गाळलेली, पाश्चरीकरण केलेली आणि बाहेरून कार्बन डायऑक्साइड भरलेली केग बीअर सर्वत्र पसरवली. त्याविरुद्ध १९७१ मध्ये चार इंग्रज तरुणांनी आयर्लंडमधल्या केरी परगण्यात सुटीवर असताना एक संघटना स्थापन केली; तीच पुढे ‘कॅम्पेन फॉर रिअल एल’, म्हणजे कॅमरा, या नावाने ओळखली जाऊ लागली. तिची व्याख्या कृतीबद्दल फार बोलत नाही. ज्या भांड्यातून वाढायची त्याच भांड्यात दुसऱ्यांदा आंबलेली आणि बाहेरचा वायू न वापरता वाढलेली, ती रिअल एल. म्हणून आम्ल घातल्याने पारंपरिकता बाटत नाही. यीस्ट गाळून काढले, तर मात्र ती संपते.

पिंपळपान

म्हणजे लाकडी पिंप ही अट नाही? माझ्या मनात तर ओकच्या पिंपांचेच चित्र होते.

मोडी_लिपिक

नाही. लाकडी पिंपांच्या जतनासाठी १९६३ मध्येच एक वेगळी मंडळी स्थापन झाली होती, पण आज बहुतेक पिंपे स्टेनलेस स्टीलची किंवा प्लॅस्टिकची असतात. टॅडकास्टर येथील सॅम्युअल स्मिथ आणि मॅशम येथील थीकस्टन या यॉर्कशायरमधल्या दोन जुन्या ब्रूअऱ्यांनी स्वतःचे पिंपकार टिकवून ठेवले, हे अपवाद. लाकूड धुणे, सांधे घट्ट ठेवणे आणि त्यात जंतू शिरू न देणे लहान ब्रूअरीला परवडत नाही.

भरडधान्य

राहिलेले लिहितो. मॅश झाल्यावर काढा खालून हळूहळू काढत वरून ७६ अंशांच्या आसपासचे पाणी शिंपडतात, म्हणजे भरडीत अडकलेली साखर धुतली जाते. येथे घाई केली तर भरड खाली दबून दगडासारखी बसते आणि थेंबही निघत नाही. हा काढा ‘कॉपर’मध्ये जातो. ते आता पोलादाचे असले, तरी नाव तांब्याचेच राहिले आहे. तेथे तो तास-सव्वा तास खळखळून उकळतो. सुरुवातीला घातलेले हॉप्स कडवटपणा देतात, शेवटच्या दहा मिनिटांतले सुगंध देतात. फगल आणि ईस्ट केंट गोल्डिंग्ज हे दोन जुने इंग्रज हॉप्स आम्ही वापरत असू, दोन्ही मिळून दोन-तीन किलो. फगलची मूठ नाकाशी धरली की पावसात भिजलेल्या लाकडाच्या मोळीसारखा वास येतो.

मग काढा प्लेटांच्या शीतकातून १८ अंशांवर आणून आंबवणीच्या टाकीत सोडायचा आणि आधीच्या खेपेतून राखलेले यीस्ट त्यात ओतायचे. धागाकर्त्यांनी विचारलेला लागरचा फरक येथून सुरू होतो. लागरचे यीस्ट थंडीत, आठ ते बारा अंशांना, सावकाश काम करते आणि तळाशी बसते. एलचे यीस्ट १८ ते २२ अंशांना चार-पाच दिवसांत काम उरकते, वर फेसात चढते आणि फळांची आठवण करून देणारे एस्टर, म्हणजे सुगंधी संयुगे, मागे ठेवते.

शनिवारी संध्याकाळी टाकी शांत असते. रविवारी दुपारी झाकण सरकवून पाहिले तर फुलकोबीच्या गड्ड्यांसारखा पांढरट-पिवळा फेस कडेच्या वर हातभर उभा असतो, त्यावर हॉप्सच्या राळेचे तपकिरी डाग असतात, आणि जवळून ऐकले तर सबंध पृष्ठभाग बारीक चुरचुरत असतो. नाक खाली नेण्याचा मोह आवरावा, कारण तिथे कार्बन डायऑक्साइडचा थर साचलेला असतो आणि तो नाकात सुईसारखा टोचतो. पहिला मळकट फेस काढून टाकतात. त्यानंतर येणारा स्वच्छ, मलईसारखा थर बादलीत भरून थंडीत ठेवतात, तो पुढच्या खेपेचे विरजण.

आंबटगोड

“चुरचुरत असतो” हे वाचून क्षणभर कान देऊन बसलो. उत्तम प्रतिसाद.

मात्र मला एका मुद्द्याचा खुलासा हवा आहे. मी शाकाहारी आहे, आणि पारंपरिक एल माशाच्या पिशवीने निवळतात, असे नुकतेच कळले. हे खरे असेल, तर सभासदांनी ते धाग्याच्या आरंभीच सांगायला हवे होते.

रसायनशाळा

खरे आहे. त्या पदार्थाचे नाव आयसिंग्लास. माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून मिळणारे ते जवळजवळ शुद्ध कोलॅजन असते. पूर्वी ते रशियातून येणाऱ्या स्टर्जनपासून काढत. १७९५ च्या सुमारास विल्यम मर्डॉक, ज्याचे नाव गॅसच्या दिव्यांमुळे अधिक परिचित आहे, त्याने कॉडपासून स्वस्त पर्याय तयार केला. कोलॅजनवर धन प्रभार असतो आणि यीस्टच्या पेशींवर ऋण, त्यामुळे दोन्ही एकमेकांना चिकटून जड गुठळ्या होतात आणि तळाशी बसतात. पिंप हलले तर पुन्हा ढवळून पुन्हा बसतात, आणि हा गुण पिंपाच्या प्रवासात मोलाचा ठरतो. उकळताना जे निवळण वापरतात ते मात्र समुद्रशेवाळाचे असते, त्याची चिंता नको.

आयसिंग्लास बहुतांशी तळाशी राहते हे खरे असले, तरी तत्त्वाचा प्रश्न त्याने सुटत नाही, हे मान्य आहे.

शंकासुर

मग निवळूच नये! धुकट एलने काय बिघडते? ब्रिस्टलच्या मूर बीअरसारख्या ब्रूअऱ्या न निवळलेली एल विकतातच की. निर्मळ एल हवी हा हट्टही काचेचे ग्लास स्वस्त झाल्यावर बळावला, धातूच्या मगांतून पिताना कोण पाहत होते?

तळघरातला

शंकासुर यांचे म्हणणे ब्रूअरीत उभे राहून पटते, पण पबच्या बारमागे पटत नाही. सात वर्षे मी इंग्लंडमधल्या एका पबचे तळघर सांभाळले. ग्राहकाला धुकट ग्लास दिला की तो पहिल्यांदा उजेडाकडे धरतो आणि मग माझ्याकडे पाहतो. ती एल मुद्दाम धुकट आहे, की मी पिंप नीट बसू दिले नाही, की आतमध्ये जंतू शिरले आहेत, हे त्याला नुसत्या डोळ्यांनी कळू शकत नाही. निवळ एल ही निदान तळघर नीट चालल्याची एक खूण असते. आंबटगोड यांच्यासाठी मात्र शंकासुरांचा मार्ग योग्य आहे. न निवळलेले पिंप मी चार-पाच दिवस जास्त टेकवून ठेवत असे आणि पंपावर तशी पाटी लावत असे.

आता धागाकर्त्यांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. ब्रूअर एल शेवटच्या अंशापर्यंत आंबू देत नाही. थोडी साखर शिल्लक असतानाच ती थंड करतो आणि दर मिलिलिटरमध्ये दहा लाखांच्या आगेमागे यीस्टपेशी ठेवून पिंपात भरतो. काही जण वरून चमचाभर साखरही घालतात. पिंपात जो वायू तयार होतो तो एलमध्येच विरघळतो, आणि ‘जिवंत’ म्हणतात ते एवढेच.

पिंप तळघरात आले की ते आडवे टेकवायचे, दोन्ही बाजूंनी पाचरी मारायच्या आणि त्यानंतर हलवायचे नाही. तळघर ११ ते १३ अंशांवर हवे. वरच्या तोंडाच्या बुचाला शाइव्ह म्हणतात. त्याच्या मधोमध स्पाइल, म्हणजे मऊ सच्छिद्र लाकडाची खुंटी, ठोकायची, तिच्यातून जादा वायू निघून जातो. वायू पुरेसा गेला की कठीण लाकडाची खुंटी बसवून तो अडवायचा. नळ खालच्या बुचातून, एकाच जोरकस घावात, आत गेला पाहिजे.

ही खुंटी ठोकताना मी एकदा बेसावध होतो. ऐन उन्हाळ्यात आलेले पिंप, गाडीत तापलेले, आणि त्यात ब्रूअरने साखर सढळ हाताने घातलेली. पहिल्याच टोल्याला खुंटी उडाली आणि एलचा फवारा थेट छताला लागला. मी अंगठ्याने भोक दाबून धरले, तर तो चारी बाजूंनी माझ्या तोंडावर येऊ लागला. वर ग्राहक खोळंबलेले, आणि मी तळघरात अंगठा लावून उभा. नऊ गॅलनपैकी दीड-दोन गॅलन गेली असेल. दोष ब्रूअरचा की माझा, यावर आमचा फोनवर बराच वाद झाला. पण पिंप एक रात्र थंड होऊ न देता मी हातोडा उचलला, तेव्हा निम्मा दोष माझाच होता.

पिंपळपान

मग उघडलेले पिंप किती दिवस टिकते?

तळघरातला

तीन दिवस उत्तम, चौथ्या दिवशी चालते, त्यानंतर लाज वाटते. एल बाहेर निघते तशी तिच्या जागी तळघरातली हवा आत जाते आणि ऑक्सिजन चव बोथट करतो. हवेऐवजी हलक्या दाबाचा कार्बन डायऑक्साइड आत सोडणारी झडप मिळते. तिला कॅमराचा विरोध होता, तो २०१८ मध्ये मागे घेतला गेला. लहान पबने साडेचार गॅलनचे ‘पिन’ घ्यावे आणि झडपेचा वाद टाळावा, असे माझे मत आहे.

मोडी_लिपिक

थोडे अवांतर, पण लहान ब्रूअऱ्या टिकल्या कशा, हे सांगितल्याशिवाय धागा पुरा होणार नाही. हॅम्पशायरमध्ये रिंगवुड ब्रूअरी १९७८ मध्ये सुरू करणारे पीटर ऑस्टिन यांनी साध्या, स्वस्त यंत्रसामग्रीची एक घडण बसवली आणि देशोदेशी लहान ब्रूअऱ्या उभ्या करून दिल्या. २००२ मध्ये ब्रिटिश सरकारने वर्षाला ५,००० हेक्टोलिटरपर्यंत (पाच लाख लिटर) एल करणाऱ्यांचे अबकारी शुल्क निम्म्यावर आणले, आणि त्यानंतर संख्या झपाट्याने वाढली. ही सवलत ऑगस्ट २०२३ मध्ये नव्या रचनेत गेली. त्याच वेळी २० लिटर किंवा त्याहून मोठ्या भांड्यातून वाढल्या जाणाऱ्या पेयांना वेगळी सूट मिळाली. तळघरातला यांचे ‘पिन’ २०.५ लिटरचे असते, तेव्हा अर्ध्या लिटरने ते बचावले!

आणखी एक समाधानाची बातमी. बर्टनमध्ये मार्स्टनने शेवटपर्यंत चालवलेल्या ‘युनियन’ पद्धतीच्या, म्हणजे ओकच्या पिंपांच्या जोडरांगांतून यीस्ट वर उफाळवणाऱ्या आंबवणीच्या, संचांना २०२४ मध्ये निवृत्ती मिळाली. त्यांतला एक संच डर्बीशरच्या थॉर्नब्रिज ब्रूअरीने नेऊन पुन्हा चालू केला.

नवशिका_७ (धागाकर्ता)

सर्वांचे आभार, अपेक्षेपेक्षा फार अधिक मिळाले. तरी दुसऱ्या प्रश्नातले एक टोक सुटलेले नाही. मऊ खुंटी काढून कठीण खुंटी बसवण्याची वेळ झाली, हे तळघरातल्या माणसाला कळते कसे? ब्रूअर तारीख लिहून देतो का?

तळघरातला

तारीख लेबलावर असते, पण ती खुंटीसाठी नसते, खपासाठी असते. मऊ खुंटीच्या माथ्यावर फेस जमतो. तो बोटाने पुसायचा आणि पुन्हा किती वेळात जमतो ते पाहायचे. लगेच उसळला तर अजून थांबायचे. पुसल्यावर काही सेकंद लाकूड कोरडे राहून मग एखादा बुडबुडा सावकाश वर आला, तर कठीण खुंटी घ्यायची. मी हे दिवसातून तीनदा पाहत असे, आणि बायको म्हणत असे की पोरांच्या तापाची सुद्धा मी इतकी चौकशी करत नाही.

भरडधान्य

आणि धागाकर्त्यांचे “ब्रूअरचे काम कुठे संपते”, त्याविषयी. पिंप रिकामे झाले की ते ब्रूअरीत परत येते. तळघर सांभाळणारा शहाणा असेल तर दोन्ही भोके बुचांनी बंद करून पाठवतो. नसेल तर आठवडाभर उघडे राहिलेले पिंप व्हिनेगरचा वास आणि चिलटे घेऊन येते. म्हणून धुण्याआधी प्रत्येक पिंपाच्या तोंडाला नाक लावून वास घ्यावा लागतो, आणि आंबूस वासाची पिंपे बाजूला काढून दोनदा कॉस्टिकने धुवावी लागतात. माझा शनिवार मॅशने नव्हे, या वासाने सुरू होत असे. मग पिंप पालथे करून हलवायचे. नळ ठोकताना खालच्या बुचाची लाकडी चकती आतच पडते, ती खडखडत बाहेर आली पाहिजे. एकदा एकाच पिंपातून अशा दोन चकत्या निघाल्या. याचा अर्थ मागच्या खेपेला ते पिंप मीच न हलवता भरले होते.